टीबीचा जंतू मशीन कसं ओळखतं? सीबीनॅटपासून जिनोम सिक्वेन्सिंगपर्यंत सगळं सोप्या भाषेत

दोन आठवडे झाले तरी खोकला थांबत नाही, किंवा छातीच्या एक्स-रेत डाग दिसतो, तेव्हा डॉक्टर आता बहुतेक वेळा सीबीनॅट किंवा ट्रूनॅट ही तपासणी लिहून देतात. रिपोर्ट बऱ्याचदा पीडीएफ होऊन थेट व्हॉट्सॲपवर येतो. त्यात महत्त्वाच्या ओळी दोनच असतात: "एमटीबी डिटेक्टेड, मीडियम" आणि "रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड". घरातला तरुण मुलगा किंवा मुलगी म्हणून तो वाचून दाखवायचं काम तुमच्याकडेच येतं.

या दोन ओळींमागे नेमकं काय घडतं, ते या लेखात बघूया. एक गोष्ट सुरुवातीलाच लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं: जनुकीय तपासणी जंतूच्या डीएनएला एक ठरावीक प्रश्न विचारते आणि तेवढ्याच प्रश्नाचं उत्तर देते. प्रश्न कोणता होता हे कळलं की रिपोर्ट वाचता येतो. नाही कळलं तर बरोबर आलेल्या रिपोर्टचाही चुकीचा अर्थ निघतो.

## आधी कसं ओळखायचे?

टीबीचा जंतू म्हणजे मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस. रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याचा शोध जाहीर केला. म्हणूनच २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन.

त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं ओळखण्याचे मुख्य मार्ग दोनच होते.

१. सूक्ष्मदर्शक. बेडका काचेवर पसरायचा, त्यावर लाल रंग चढवायचा आणि मग ॲसिडने धुवायचं. बाकीच्या जंतूंचा रंग निघून जातो. मायकोबॅक्टेरियाच्या भोवती मेणासारखं जाड आवरण असतं, त्यामुळे त्यांचा रंग टिकतो. तपासणी स्वस्त आणि झटपट, पण अडचणी दोन. एका मिलिलिटर बेडक्यात साधारण ५ ते १० हजार जंतू असतील तरच ते नजरेला पडतात. शिवाय लाल काडी दिसली म्हणजे तो मायकोबॅक्टेरियाच्या कुटुंबातला आहे एवढंच कळतं. कुटुंबातला नेमका कोण, ते कळत नाही.

२. कल्चर. जंतूला खाद्य देऊन प्रयोगशाळेत वाढवायचं. ही पद्धत आजही सर्वांत भरवशाची मानली जाते, पण हा जंतू भयंकर आळशी आहे. पोटातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत साधारण २० मिनिटांत दुप्पट होतो. टीबीच्या जंतूला त्यासाठी जवळपास अख्खा दिवस लागतो. त्यामुळे घन माध्यमावर निकाल यायला ८ आठवड्यांपर्यंत थांबावं लागतं आणि द्रव माध्यमात ४२ दिवसांपर्यंत. त्यानंतर कोणतं औषध चालेल ते बघायला आणखी वेळ.

या दोन महिन्यांत रुग्ण घरी असतो, खोकत असतो आणि अंदाजाने दिलेली औषधं घेत असतो. अंदाज चुकला तर जंतू त्या औषधांना सरावतो. वेगाची गरज होती ती इथे.

## पीसीआर: डीएनएची फोटोकॉपी

डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला मजकूर: ए, टी, जी आणि सी. टीबीच्या जंतूचा पूर्ण मजकूर १९९८ मध्ये पहिल्यांदा वाचला गेला. तो सुमारे ४४ लाख अक्षरांचा आहे आणि त्यात साधारण ४,००० जनुकं आहेत. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवला तर साडेचार एमबीसुद्धा होत नाही, म्हणजे फोनमधल्या एखाद्या फोटोएवढा.

या मजकुरात काही वाक्यं अशी आहेत की ती फक्त टीबीच्या जंतूतच सापडतात. ती शोधायची. कॉम्प्युटरवर आपण कंट्रोल-एफ दाबतो तसंच. अडचण अशी की बेडक्यात जंतू मोजके असतात, आणि माणसाच्या पेशी व इतर जंतूंचा डीएनए भरपूर असतो. म्हणून हवा तो तुकडा आधी वाढवून घ्यावा लागतो.

ते काम पीसीआर करतं. ही पद्धत कॅरी मुलिस यांना १९८३ मध्ये सुचली आणि त्यासाठी त्यांना १९९३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. एका फेरीत तीन गोष्टी होतात:

- साधारण ९५ अंशांना तापवलं की डीएनएच्या दोन पट्ट्या सुट्या होतात.
- तापमान खाली आणलं की प्रायमर नावाचे छोटे तुकडे आपल्या जुळणाऱ्या जागी चिकटतात. प्रायमर म्हणजे सर्च बॉक्समध्ये टाइप केलेला शब्द. तो जुळला नाही तर पुढे काहीच होत नाही.
- मग एक एन्झाइम तिथून पुढची नक्कल तयार करतं.

दर फेरीला संख्या दुप्पट. एका तुकड्यापासून सुरुवात केली तर ३० फेऱ्यांनंतर, निदान कागदावर, १०७ कोटींहून जास्त नकला तयार होतात. प्रत्येक नकलेबरोबर थोडा प्रकाश पडेल अशी रसायनं घातली की मशीनला तो प्रकाश मोजता येतो. प्रकाश जितक्या लवकरच्या फेरीत दिसला, तितके मूळ नमुन्यात जंतू जास्त. कोविडच्या काळात सगळ्यांच्या तोंडी असलेली "सीटी व्हॅल्यू" ती हीच.

## सीबीनॅटच्या कार्ट्रिजमध्ये काय होतं?

सीबीनॅट हे आपल्याकडे रूढ झालेलं नाव. मूळ मशीनचं नाव जीनएक्सपर्ट. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये टीबीसाठी त्याची शिफारस केली.

तंत्रज्ञ बेडक्यात एक द्रव मिसळतो, १५ मिनिटं थांबतो आणि ते मिश्रण प्लास्टिकच्या कार्ट्रिजमध्ये भरतो. पुढचं सगळं बंद डब्यात आपोआप होतं: जंतू गाळणं, फोडणं, डीएनए बाहेर काढणं, पीसीआर आणि निकाल. वेळ दोन तासांच्या आत. एका मिलिलिटरमध्ये सुमारे १३० जंतू असले तरी जुनं कार्ट्रिज ते पकडतं. "अल्ट्रा" नावाच्या नव्या कार्ट्रिजला १६ च्या आसपाससुद्धा पुरतात. सूक्ष्मदर्शकाच्या ५ हजारांशी तुलना करून बघा.

कार्ट्रिजमध्ये एक छान सोय आहे. त्यात आधीपासूनच एका निरुपद्रवी जिवाणूचे सुकवलेले बीजाणू ठेवलेले असतात. नमुन्यात टीबी सापडला नाही, तर मशीन विचारतं: निदान हे बीजाणू तरी सापडले का? तेही सापडले नाहीत, तर प्रक्रियेतच गडबड आहे. मग रिपोर्टवर "निगेटिव्ह" न येता "इनव्हॅलिड" येतं. सॉफ्टवेअरमध्ये आपण सर्व्हर जिवंत आहे का हे आधी तपासतो आणि मगच "डेटा नाही" म्हणतो, तसंच हे.

## ८१ अक्षरांची गोष्ट

आता दुसरी ओळ: "रिफ रेझिस्टन्स". रिफ म्हणजे रिफाम्पिसिन, टीबीच्या उपचारातलं एक मुख्य औषध. जंतू ज्या यंत्रणेने डीएनए वाचून आरएनए बनवतो, तिला हे औषध जाऊन चिकटतं आणि ती यंत्रणा बंद पाडते. या यंत्रणेच्या एका भागाचा नकाशा आरपीओबी नावाच्या जनुकात असतो.

रिफाम्पिसिनला न जुमानणाऱ्या सुमारे ९५ टक्के जंतूंमध्ये बदल सापडतो तो या जनुकाच्या फक्त ८१ अक्षरांच्या पट्ट्यात. ४४ लाख अक्षरांपैकी ८१! सर्वांत जास्त दिसणारा बदल तर एका अक्षराचा आहे: "टीसीजी"च्या जागी "टीटीजी". एवढ्याने यंत्रणेचा आकार किंचित बदलतो आणि औषध चिकटेनासं होतं.

मूळ सीबीनॅट कार्ट्रिज या ८१ अक्षरांवर पाच प्रोब सोडतं. मजकूर तंतोतंत जुळला तर प्रोब चमकतो, एखादं अक्षर बदललेलं असेल तर तो चमकत नाही किंवा उशिरा चमकतो. पाचही प्रोब वेळेवर चमकले तर "रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड".

याने फरक किती पडतो, ते समजायला मुंबईचं उदाहरण पुरेसं आहे. २०११ च्या अखेरीस हिंदुजा हॉस्पिटलचे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी चार रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेलं एकही औषध त्यांच्या जंतूंवर चालत नव्हतं. चारपैकी तिघांना त्याआधी वेगवेगळ्या खासगी डॉक्टरांकडून विस्कळीत उपचार मिळाले होते, औषधं एकेक करून वाढवत नेलेली. जंतू कोणत्या औषधाला दाद देतो हे माहीत नसताना उपचार चालू राहिले की असं होतं. तीच माहिती आता दोन तासांत मिळू शकते, निदान रिफाम्पिसिनपुरती तरी.

## ट्रूनॅट: गोव्याचं मशीन

जीनएक्सपर्टला सलग वीज आणि शक्यतो एसी खोली लागते. तालुक्याच्या गावी दोन्हींची खात्री नसते. ट्रूनॅट याच अडचणीवरचं उत्तर आहे. गोव्यातली मोलबायो ही कंपनी आणि बेंगळुरूची बिगटेक लॅब्स यांनी ते विकसित केलं. मशीन बॅटरीवर चालतं आणि पीसीआर एका छोट्याशा चिपवर होतं. एक उपकरण डीएनए काढतं, दुसरं चिप वाचतं. टीबी सापडला तर रिफाम्पिसिनसाठी वेगळी चिप लावतात. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. त्याच वर्षी हे मशीन भारतात कोविडच्या तपासणीसाठीही वापरलं गेलं.

## रिपोर्ट कसा वाचायचा?

एमटीबी डिटेक्टेड: हाय, मीडियम, लो, व्हेरी लो. टीबीच्या जंतूचा डीएनए सापडला. पुढचा शब्द नमुन्यातल्या जंतूंचं प्रमाण सांगतो. "लो" म्हणजे सौम्य टीबी असा अर्थ काढू नका. उपचार तेवढेच पूर्ण घ्यावे लागतात.

ट्रेस. हा निकाल अल्ट्रा कार्ट्रिजवरच येतो. अगदी पुसटसा डीएनए सापडला, पण तो इतका कमी की औषधाबद्दल काही सांगता येत नाही. आधी टीबी होऊन गेलेल्या माणसात हा जुना अवशेषही असू शकतो. इथे डॉक्टरांचा निर्णय महत्त्वाचा.

रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड. त्या ८१ अक्षरांत बदल दिसला नाही.

रिफ रेझिस्टन्स डिटेक्टेड. बदल दिसला. नेहमीची औषधं बदलावी लागतील आणि पुढच्या तपासण्या होतील.

इंडिटरमिनेट. टीबी आहे, पण औषधाच्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

इनव्हॅलिड किंवा एरर. तपासणी झालीच नाही असं समजा. नमुना पुन्हा द्यायचा. याचा अर्थ "निगेटिव्ह" असा मुळीच नाही.

आणि हो, नमुना देताना लाळ उपयोगाची नाही. खोल श्वास घेऊन छातीतून खोकून काढलेला बेडकाच हवा. नमुना खराब असेल तर महागडं मशीनही काही करू शकत नाही.

## मशीनला जे विचारलंच नाही ते

बाकीची औषधं. "रिफ नॉट डिटेक्टेड" म्हणजे "सगळी औषधं चालतील" असं नाही. आयसोनियाझिड हे दुसरं मुख्य औषध. त्याला न जुमानण्याचे बदल केएटीजी आणि आयएनएचए या जनुकांच्या भागात असतात आणि सीबीनॅटचं नेहमीचं कार्ट्रिज तिकडे बघतच नाही. त्यासाठी लाइन प्रोब ॲसे ही तपासणी करतात. एका पट्टीवर ओळीने रेघा उमटतात आणि कोणती रेघ आली, कोणती गायब आहे यावरून बदल कळतो.

८१ अक्षरांच्या बाहेरचं. आफ्रिकेतल्या एस्वातिनी या छोट्या देशात, तेव्हाच्या स्वाझीलँडमध्ये, २००९ च्या सर्वेक्षणातले नमुने नंतर तपासले गेले. अनेक औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंपैकी सुमारे ३० टक्क्यांमध्ये बदल आरपीओबी जनुकातच होता, पण त्या पट्ट्याच्या बाहेर. सीबीनॅट त्यांना "रेझिस्टन्स नाही" म्हणणार होतं. मशीन बिघडलेलं नव्हतं. शोधायची जागाच वेगळी होती.

निरुपद्रवी बदल. याच्या उलटही होतं. कधी अक्षर बदलतं पण बनणारं प्रथिन तेच राहतं. औषध चालतं, तरी प्रोब चमकत नाही आणि रिपोर्ट "रेझिस्टन्स" सांगतो. म्हणून अनपेक्षित निकाल आला तर डॉक्टर पुन्हा तपासणी सांगतात.

जंतू जिवंत आहे का? डीएनए मेलेल्या जंतूचाही असतो. औषधं चालू झाल्यावर कित्येक आठवडे मेलेल्या जंतूंचे अवशेष बेडक्यात येत राहतात. त्यामुळे उपचाराचा परिणाम बघायला सीबीनॅट वापरत नाहीत. तिथे जुना सूक्ष्मदर्शक आणि कल्चरच कामाला येतात. औषधं घेऊन दोन महिने झालेत आणि कोणी स्वतःच्या मनाने सीबीनॅट करून "अजून पॉझिटिव्हच आहे" म्हणून घाबरत असेल, तर हा मुद्दा आठवा.

## टीबीच नसेल तर?

मायकोबॅक्टेरियाच्या कुटुंबात जवळपास दोनशे प्रजाती आहेत. बऱ्याचशा माती-पाण्यात राहतात, अगदी नळाच्या पाण्यातही. यातल्या काही फुफ्फुसात किंवा ऑपरेशनच्या जखमेत शिरून आजार करतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या टीबीसारख्याच लाल दिसतात, पण औषधं वेगळी लागतात. सूक्ष्मदर्शक "आहे" म्हणतो आणि सीबीनॅट "नाही" म्हणतं, तेव्हा डॉक्टरांच्या मनात हीच शंका येते.

मग प्रश्न बदलावा लागतो: "तू टीबी आहेस का?" ऐवजी "तू कोण आहेस?" यासाठी सगळ्या जिवाणूंत असणारं एक जनुक वाचतात, १६एस. ते साधारण १,५०० अक्षरांचं असतं. वाचलेला मजकूर ब्लास्ट नावाच्या प्रोग्रामने जगभरच्या डेटाबेसशी ताडून बघतात. हा प्रोग्राम १९९० पासून आहे, फुकट आहे आणि फोनच्या ब्राउझरमध्येही चालतो.

पण या कुटुंबात १६एस कधीकधी कमी पडतं. मायकोबॅक्टेरियम कन्सासी माणसाला आजारी पाडतो, मायकोबॅक्टेरियम गॅस्ट्री सहसा नाही, आणि दोघांचं १६एस सारखंच! तिथे एचएसपी६५ किंवा आरपीओबी यांसारखी दुसरी जनुकं वाचावी लागतात. एकाच आडनावाच्या दोघांना ओळखायला वडिलांचं नाव विचारतो तसं.

कुष्ठरोगाचा जंतूही याच कुटुंबातला. नॉर्वेच्या हॅन्सन यांनी तो १८७३ मध्ये पाहिला, पण कृत्रिम माध्यमात तो आजवर कोणालाही वाढवता आलेला नाही. अशा जंतूसाठी पीसीआरचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

## अख्खा जिनोमच वाचला तर?

शोध घेण्यापेक्षा सगळी फाइलच उघडायची, म्हणजे होल जिनोम सिक्वेन्सिंग. सगळी ४४ लाख अक्षरं एकदम तपासता येतात. कोणता बदल कोणत्या औषधाशी जोडलेला आहे, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. त्यासाठी ३८ हजारांहून अधिक जंतूंचा डेटा वापरला होता. २०२३ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो आकडा ५२ हजारांवर गेला.

जिनोमवरून संसर्गाचा मागही काढता येतो. टीबीच्या जंतूत वर्षाला सरासरी अर्धं अक्षर बदलतं. दोन रुग्णांच्या जंतूंत पाच किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असेल तर त्यांच्यात अलीकडे संसर्ग झाल्याची शक्यता दाट. बारापेक्षा जास्त असेल तर ती फारच कमी. कोडचा इतिहास बघून कोणती कॉपी कुठून आली ते ठरवतात, तसाच हा हिशेब.

टीबीबाहेरचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलायची भयानक साथ आली. पन्नासहून अधिक माणसं गेली. चीनच्या बीजीआय संस्थेने जंतूचा जिनोम वाचून कच्चा डेटा इंटरनेटवर खुला केला. २४ तासांत तो जोडला गेला आणि पुढचं विश्लेषण जगभरच्या लोकांनी गिटहबवर मिळून केलं. जंतूने दुसऱ्याकडून विषाचं जनुक उचललंय, हे त्यातून दिसलं. पण तो आला कुठून? ते जिनोमने सांगितलं नाही. रुग्णांनी काय खाल्लं याची चौकशी करत तपास करणारे मेथीच्या मोडांपर्यंत पोहोचले. तिथेही तेच: डेटा विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतो.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रक्त तपासून टीबी कळतो का? टीबीच्या निदानासाठी रक्तातल्या अँटिबॉडी शोधणाऱ्या किट्सवर भारतात २०१२ मध्ये बंदी आली, कारण त्यांचे निकाल भरवशाचे नव्हते. "टीबी गोल्ड" ही तपासणी वेगळी. जंतूशी शरीराची कधीतरी गाठ पडली आहे का एवढंच ती सांगते. आज आजार आहे का, हे तिच्यावरून ठरत नाही.

सीबीनॅट निगेटिव्ह आलं, मग टीबी नाहीच ना? नमुन्यात जंतू सापडला नाही एवढंच म्हणता येतं. लहान मुलांत किंवा फुफ्फुसाबाहेरच्या टीबीत जंतू कमी असतात. लक्षणं टिकून असतील तर डॉक्टरांना पुन्हा भेटा.

खर्च किती? सरकारी आरोग्य केंद्रात टीबीची तपासणी आणि औषधं मोफत आहेत. नोंदणी झालेल्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचाराच्या काळात पैसेही मिळतात. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम महिन्याला १,००० रुपये झाली. माहितीसाठी टोल-फ्री नंबर: १८००-११-६६६६.

पुढच्या वेळी असा रिपोर्ट तुमच्या फोनवर आला, तर फक्त पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच बघून फॉरवर्ड करू नका. कोणती तपासणी होती, तिने काय विचारलं होतं आणि काय विचारायचं राहिलं, हे तीन प्रश्न लिहून घ्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. आई-बाबा किंवा आजी-आजोबा ते विचारायला कदाचित संकोचतील. तुम्ही विचारा.